फोनने आईला ओळखलं नाही तेव्हा

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होते. बाहेर व्हरांड्यात येऊन मी फोन उचलला.

"माझा मोबाइल बिघडला गं," आई म्हणाली. "तोंड दाखवलं की उघडायचा. चार दिवस झाले, उघडूनच न्हाई राहिला."

आई कंधारला एकटीच राहते. तीसेक वर्षं ती आसपासच्या खेड्यांत सरकारी नर्स म्हणून फिरली. वडील गेल्यावर मी तिला अहमदपूरला माझ्याकडे बोलावलं, पण ती आली नाही. मग मीच तिला तो मोबाइल घेऊन दिला, आणि आकडे टाकायची कटकट नको म्हणून तिचा चेहराही त्यात नोंदवून दिला. तिला त्याचं मोठं कौतुक. शेजारणींना दाखवायची, "बघा, मी आले की दार उघडतो."

मी जे सगळे सांगतात तेच सांगितलं. वरची काच पुसून घे. चष्मा काढून बघ, घालून बघ. दारात उजेडाला बस. एकदा बंद करून चालू कर. तिने सगळं केलं. आकडे टाकले की उघडत होता, चेहऱ्याने मात्र नाही.

"मग सध्या आकडेच टाक," मी म्हणाले.

"टाकतेच की," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात 'प' आणि 'ब' जरा सैल येत होते, हवा निसटल्यासारखे. मी विचारलं तर म्हणाली, दाढ दुखते. संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला, तिने तो बंद करून साधा लावला. "रेंज न्हाई इकडं." कंधारला आमच्या घरात रेंज नसते असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रविवारी सकाळच्या एसटीने मी निघाले. दार आईनेच उघडलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने अर्धं तोंड झाकलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई घरात डोक्यावर पदर घेत नाही, कधीच घेतला नाही.

"आई, पदर काढ."

"चहा टाकते आधी."

मी पुढे होऊन पदर बाजूला केला. तिने हात धरला नाही, पण मान खाली घातली. चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरली होती. ओठाचा कोपरा लोंबल्यासारखा, आणि डावा डोळा मिटत नव्हता, नुसता पाझरत होता. मला लकव्याशिवाय दुसरं काही सुचेना.

"घाबरू नको," आई म्हणाली. आता तिचा आवाज नर्सचा झाला होता. "हात-पाय ठीक हायत. आणि हे बघ, मी कपाळाला आठी घालते, डावीकडं आठी पडत न्हाई. म्हणजे दुखणं मेंदूचं न्हाई, तोंडाच्या नसेचं हाय. पहिल्याच दिवशी नांदेडला जाऊन दाखवून आले. गोळ्या चालू हायत, डोळ्यात टाकायचं औषध हाय. डॉक्टरबी तेच म्हणाले."

"एकटी गेलीस? आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुझ्या परीक्षा चालू होत्या."

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. ती मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "कित्येक जणींना मी सांगितलं असंल, माय, हे बरं होतं, आरशासमोर बसून तोंडाचा व्यायाम करा. आणि माझ्यावर आलं तर मला आरशात बघवंना. आरसा न्हाई बघितला. पण फोन तर रोज हातात घ्यावाच लागतो ना. त्यानंबी ओळखलं न्हाई. मग लई वाईट वाटलं. म्हणून तुला फोन केला."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. फोन बिघडलाय असं ती म्हणत होती, तेव्हा तिला मला हेच सांगायचं होतं, आणि मी तिला काच पुसायला लावत होते.

जेवताना ती पाणी प्यायली ते डावीकडून ओघळलं. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे, मला येतं."

दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी सेटिंगमध्ये जाऊन तिचा जुना चेहरा काढायला निघाले, तर तिने फोनवर हात ठेवला.

"हे तोंड नको नोंदवू त्याच्यात. हे काय कायमचं हाय का?"

"कायमचं नाही म्हणूनच. बरं झालं की पुन्हा बदलू. पण आज तू अशी आहेस ना? मग आज त्याने तुला असंच ओळखायला पाहिजे."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने पदर खांद्यावर घेतला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाली, "धर."

पडद्यावर एक गोल आला. त्यात तिचं तोंड. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती स्वतःकडे बघत होती. फोनने सांगितलं तसं तिने मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते औषधाचं की कशाचं, मी विचारलं नाही. गोल पूर्ण झाला. फोनचा पडदा बंद करून मी तो तिच्या हातात दिला. तिने समोर धरला आणि तो लगेच उघडला.

"उघडला की गं!" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "व्यायामाला भिंतीवरचा आरसा तेवढा काढून दे. तो लई उंच टांगलाय."

मी पाच दिवस राहिले, सुट्टी टाकून. सकाळ-संध्याकाळ ती आरशासमोर बसून गाल फुगवायची, ओठ ताणून 'ई' म्हणायची, शिट्टी वाजवायचा प्रयत्न करायची. तिने पेशंटला शिकवलेले सगळे प्रकार. मी समोर बसून तसंच करायचे. शिट्टी मलाही कधी येत नव्हती, त्यामुळे दोघींची फक्त हवा. तिसऱ्या दिवशी ती दूध आणायला तोंड न झाकता गेली. गल्लीत एका म्हाताऱ्या काकूंनी "जयभीम सिस्टर, हे काय झालं वो?" असं विचारलं, तर तिने त्यांना उभं करून दहा मिनिटं नसेची सगळी माहिती दिली.

दीडेक महिन्याने एका सकाळी तिचा फोन आला. "उघडून न्हाई राहिला."

मी सवयीने म्हणाले, "काच पुसलीस?"

ती हसायला लागली. 'प' आणि 'ब' आता ठणठणीत होते. "पुसली गं बाई. आज पाणीबी सांडलं न्हाई पिताना. डोळा मिटतो. आता त्या तोंडाची न्हाई राहिले मी."

मी व्हिडिओ कॉल लावला. या वेळी तिने उचलला. ती दारातच उजेडाला बसली होती, चेहरा जवळपास पहिल्यासारखा. मी फोनवर एक एक पायरी सांगत गेले, आणि तिने स्वतःच्या हाताने जुनं काढून नवीन नोंदवलं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा झालं.

हसताना तिचा डावा कोपरा अजून किंचित मागे राहतो. बाहेरच्यांना कळत नाही, मला कळतं. डॉक्टर म्हणाले, एवढं राहील कदाचित. पुढच्या खेपेला घरी गेल्यावर आईला सांगितलं तर म्हणाली, "राहू दे. कुणाचं काय बिघडून राहिलं त्यानं?" आणि अंगणात वाळत टाकलेल्या मिरच्या उलटायला गेली.