मी बुजवलेल्या रेषा

एसटी पवनीच्या पुलावर आली, खाली वैनगंगा दुथडी भरून वाहताना दिसली, तरी वंदनाने मान वळवली नाही. एरवी नदी दिसली की हिची वही बाहेर येते. आज वही पिशवीत आणि पिशवी सीटखाली.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. ती चित्रकार, मी वास्तुविशारद. तीन वर्षांपासून आम्ही मिळून डिजिटल चित्रं करतो. ती शेतात, तळ्याकाठी बसून पेनाने रेखाटते. मी ती रेखाटनं संगणकात घेऊन रंग भरतो, हालचाल आणतो. या वेळी लाखांदूरकडची धानाची शेतं होती, नागपुरातल्या एका दवाखान्याच्या मोठ्या पडद्यासाठी. चित्र पूर्ण झालं आणि वंदनाने सहीच करायचं नाकारलं.

"कागदावर बरं वाटतं, पडद्यावर पाहिलं की मेलेलं दिसतं. मनगट मोडल्यापासून हातातलं गेलंय माझ्या. आता बास. यापुढे नाही काढणार."

मी पुष्कळ समजावलं. ज्यांच्या शेतात बसून काढलं त्यांना चित्र दाखवायचं कबूल केलं होतं, तेवढ्यासाठी ती निघाली होती.

लाखांदूरला उतरून चण्याच्या तर्रीचे पोहे खाल्ले. माझं नाक वाहायला लागलं, तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा हसली. पुढे ऑटो. गावाबाहेर कौसल्याबाई धुऱ्यावर (बांधावर) उभ्या होत्या. गेल्या वर्षी वंदना त्यांच्याच शेतात चार दिवस बसली होती.

"या, या. चप्पल काढा भाऊ, नाहीतर पडान."

मी ऐकलं नाही आणि गुडघाभर चिखलात उतरलो. तशाच पायांनी त्यांच्या अंगणात बसून लाखोरीच्या डाळीचे गरम वडे खाल्ले आणि मग लॅपटॉप उघडला. हिरव्या बांध्या (भातखाचरं) वाऱ्याने हलू लागल्या. कौसल्याबाई पदराला हात पुसून पडद्याजवळ सरकल्या.

"चांगलं हाय. पन हे कोनाचं वावर होय?"

"तुमचंच," मी म्हणालो.

"आमचं नाही. याच्यात पानी कुठून जाते?" पडद्यावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "धुऱ्याले तोंडं असतेत ना भाऊ. वरच्या बांधीतलं पानी त्याच तोंडातून खालच्या बांधीत उतरते. तुमी त सारी बुजवून टाकली. वरचा धान सडन, खालचा वाळन. काहून बुजवली?"

वंदनाने पिशवीतून वही काढली. गेल्या वर्षीची रेखाटनं त्यातच होती. प्रत्येक धुऱ्याची रेष कुठेतरी सुटलेली, बोटभर उघडी. पडद्यावर तीच रेष अखंड, चोख.

तिने वही पहिल्यांदाच पडद्याला लावून धरली आणि माझ्याकडे वळली. सांगणं भाग होतं. संगणकात आकार उघडा राहिला की रंग बाहेर सांडतो. म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्या सुटलेल्या रेषा जोडायचो. नकाशात उघडी भिंत म्हणजे चूक, एवढंच मी आयुष्यभर शिकलो. तिला कधी विचारलं नाही. उलट वाटायचं, मी तिला सांभाळून घेतोय.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मनगट मोडलं त्याच वर्षी आम्ही एकत्र काम सुरू केलं होतं. म्हणजे तीन वर्षं ती स्वतःच्या हाताला दोष देत होती आणि रेषा बुजवणारा शेजारी बसून चहा पीत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात शाबूत आहे माझा," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "गाढवा, हात शाबूत आहे माझा!"

कौसल्याबाईंना काही उमगलं नाही. त्यांनी आणखी वडे वाढले.

परतीच्या एसटीत ती भंडारा येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि ते रास्तच होतं. दुसऱ्याच्या कामातली चूक दुरुस्त करताना ती चूक आहे का, हे त्यालाच विचारावं. एवढी साधी गोष्ट कळायला मला गुडघाभर चिखलात जावं लागलं. उतरताना ती म्हणाली, "यापुढे रेष सुटलेली दिसली की आधी फोन करायचा."

मी सगळी तोंडं पुन्हा उघडली. रंग सांडला, एका बांधीतून दुसरीत गेला, आणि शेतात पाणी खेळायला लागलं. तिने सही केली. आता नवं काम सुरू आहे. परवा मी तिला दिवसभरात अकरा फोन केले. दहा वेळा उत्तर आलं, "राहू दे, मुद्दाम सोडलीय."

अकराव्या वेळी तिने वही काढून पाहिली.

"अरे, तिथे पेनातली शाई संपली होती. ती तेवढी जोड."