एक टेली, एक वाइड आणि रज्जाकभाईची पिशवी

फोटोवाल्यांचे किस्से साठवून ठेवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. रोल धुवायला टाकला की एक किस्सा, धुऊन आला की दुसरा, आणि फोटो बघून गिऱ्हाईक "हा मी न्हाईच!" म्हणालं की तिसरा. आमच्या चौघांचे तर इतके झालेत की कुणाच्या लग्नात एका पंगतीला बसलो तर वाढपी वैतागतात. "मास्तर, आधी भात घ्या, मग हसा!"

मास्तर म्हणजे मी. शाळेत चित्रकला शिकवायचो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गाव तेच, धूळ तीच, पाट्या तेवढ्या नव्या. गंजगोलाईच्या बाजाराजवळ रज्जाकभाईचा स्टुडिओ होता आणि संध्याकाळी आमचा अड्डा तिथंच. तिसरा शिवाप्पा, मूळचा उदगीरचा, पेंडीचा व्यापारी. कपाळावर विभूती आणि गळ्यात कॅमेरा, दोन्ही आंघोळ झाल्याबरोबर. चौथे कुलकर्णी, नव्या जिल्ह्याबरोबर बदलून आलेले क्लार्क.

चौघांचे कॅमेरे एकाच रशियन बनावटीचे, त्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्याला बसायची. साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स प्रत्येकाकडे होती. पण लांबचं जवळ आणणारी टेली एकट्या शिवाप्पाकडे आणि सगळं पसरून दाखवणारी वाइड एकट्या कुलकर्ण्यांकडे. म्हणजे भांडायला पुरेशी सामग्री!

*

पहिला किस्सा वाइडचाच सांगतो.

एका नव्या कचेरीच्या पाटीसमोर पुढाऱ्यांचा ग्रुप फोटो काढायचा होता. माणसं तीस, जागा चिंचोळी. कुलकर्णी म्हणाले, "माझी वाइड कशासाठी आहे?" आता वाइडची खोड अशी, की कडेचा माणूस ती आडवा ताणते. गावातले एक बडे पुढारी मानपानावरून रुसले आणि मुद्दाम अगदी कडेला जाऊन उभे राहिले.

फोटो आला. मधली मंडळी जशीच्या तशी, आणि पुढारी गव्हाचं पोतं आडवं टाकावं तसे! ते तरातरा स्टुडिओत आले. आम्ही खाली मान घालून बसलो. त्यांनी फोटो बराच वेळ निरखला आणि खूश होऊन म्हणाले, "दुष्काळात एवढी तब्येत राखलेला माणूस जिल्ह्यात दुसरा न्हाई! ह्याच्या वीस कॉप्या काढ."

*

दुष्काळ होताच. सलग दुसरं वर्ष. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही शिंकल्यासारखा.

आणि फोटोला पाणी लागतं, हे लोकांना माहीत नसतं. कागदावर चित्र उमटलं की ते पक्कं करायला एक औषध लावतात, हायपो. नंतर ते औषध वाहत्या पाण्यात तास-तासभर धुऊन काढावं लागतं. नाही काढलं तर वर्ष-दोन वर्षांत फोटो पिवळा पडतो आणि माणूस हळूहळू नाहीसा होतो.

एक दिवस रज्जाकभाई मागच्या दारी फोटो धूत होता. समोर राहणाऱ्या कमळामावशीनं मोरीतून जाणारं पाणी बघितलं आणि कमरेवर घागर घेऊन दारात उभी राहिली.

"का रं रज्जाक, जित्या माणसाला प्यायला न्हाई अन् तू कागदावरच्या माणसांना आंगुळ घालून राहिला?"

 रज्जाकभाईनं ते पाणी बादलीत धरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फोटो धुणंच बंद केलं. औषधातून काढायचे, एकदा बुचकळायचे आणि वाळवून ठेवून द्यायचे. गिऱ्हाइकाला देईना. "थांबा, पाणी येऊ द्या," एवढंच.

लोक चिडले. दुसऱ्या स्टुडिओत तसेच, न धुता फोटो मिळत होते. मी म्हटलं, "रज्जाकभाई, देऊन टाका. पिवळे पडतील तेव्हा बघू. गिऱ्हाईक तुटायला लागलं."

"तुटू द्या मास्तर. त्या औसा गावच्या पोराचा बाप गेला. म्हाताऱ्याचा जिंदगीत एकच फोटो, तो मी काढलेला. वर्षश्राद्धाला पाहिजे म्हणतोय. आज दिला अन् दोन वर्सांनी बाप भिंतीवरून उडून गेला, तर तो कुणाच्या दारात येऊन रडंल?"

 

*

पण पोट होतंच. म्हणून मिळेल ते काम रज्जाकभाई घ्यायचा, आणि त्यातूनच लेन्सची खरी ताकद आम्हाला कळली.

एका विरोधी पुढाऱ्याला नळावरच्या रांगेचा फोटो हवा होता. "रांग अशी दिसली पाहिजे की मुंबईला घाम फुटला पाहिजे!" रज्जाकभाईनं शिवाप्पाची टेली लावली, लांब जाऊन उभा राहिला. टेलीत लांबचं आणि जवळचं एकमेकाला चिकटतं. घागरीवर घागर, डोक्याला डोकं! बघूनच जीव गुदमरला.

त्याच सकाळी एका खात्याचे साहेबही आले. त्यांनाही त्याच रांगेचा फोटो हवा होता, पण "परिस्थिती आटोक्यात आहे" असा. रज्जाकभाईनं कुलकर्ण्यांची वाइड लावली आणि जवळ गेला. तीच रांग ऐसपैस झाली. दोन घागरींच्या मध्ये बैलगाडी वळवावी इतकी जागा! साहेब म्हणाले, "बघा, म्हणजे गर्दी मुळी नाहीच."

हे फोटो काही वर्षानुवर्षं भिंतीवर टांगायचे नव्हते, म्हणून रज्जाकभाईनं ते न धुताच दिले. दोघंही खूश होऊन गेले. रज्जाकभाईनं दोन्ही फोटोंची एकेक कॉपी शोकेसमध्ये शेजारी शेजारी लावली. लोक जमले. कुणी म्हणे डावा खरा, कुणी म्हणे उजवा. मारामारीच व्हायची बाकी होती.

तेवढ्यात कमळामावशी आली. त्या रांगेत तिसरी तीच होती. काचेला नाक लावून तिनं दोन्ही फोटो बघितले.

"मी दोन्हीत हाय," ती म्हणाली, "पाणी कशातच न्हाई!"

आणि रिकामी घागर घेऊन गेली.

*

ह्या सगळ्याला कंटाळून आम्ही ठरवलं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं आणि दिवसभर शहर टिपायचं. मोठं गाव, जुने रस्ते, गुरुद्वारा, बाजार. आणि मुख्य म्हणजे नदी! गोदावरीला तेव्हाही पाणी होतं.

आता प्रश्न एकच. टेली कुणाच्या गळ्यात?

कुलकर्णी म्हणाले, "वाद नको. आपण रीतसर जाऊ." दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइप केलेला नमुना आणला, तीन प्रतींत! 'लेन्स मागणी अर्ज'. अर्जदाराचं नाव, हवी असलेली लेन्स, कारण, वापराची वेळ. तळाशी एक ओळ होती: 'अर्ज नामंजूर झाल्यास अपील कुलकर्णी यांच्याकडे करावे.'

"अन् मंजूर कोण करणार?" शिवाप्पानं विचारलं.

"कुलकर्णी."

शिवाप्पा भडकला. "लेन्स माझी, अर्ज मीच करू?"

"करावाच लागेल. मालकी वेगळी, ताबा वेगळा. जिल्हा झालाय आता!"

शेवटी दहा ते बारा मी, बारा ते दोन कुलकर्णी आणि उरलेला वेळ शिवाप्पा, असं ठरलं. शिवाप्पाला त्याच्याच लेन्सच्या मंजुरीचं पत्र मिळालं. ते त्यानं पुढं कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं.

रज्जाकभाईचा अर्ज मात्र कोड्यात टाकणारा होता. हवी असलेली लेन्स: 'कोणतीच नको.' कारण: 'माझ्याजवळ हाय ते लई हाय.'

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ह्यानं गुपचूप नवीन लेन्स आणली! मागच्या महिन्यात हैदराबादला गेला होता ना? मग झालंच तर!

*

पहाटेच्या एसटीला रज्जाकभाई आला तो एक जाडजूड कॅनव्हासची पिशवी घेऊन. दोन्ही हातांनी उचलावी लागेल इतकी जड. मी वर टाकायला हात पुढे केला, तर म्हणाला, "नक्को मास्तर, मांडीवरच ठेवतो."

शिवाप्पा माझ्या कानात म्हणाला, "तीनशेची टेली असंल. न्हाईतर पाचशेची."

"पाचशेची एवढी जड?"

"परदेशी असंल!"

सांगायला लाज वाटते, पण त्या प्रवासात मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. अहमदपूर आलं आणि गेलं, माझं लक्ष त्या पिशवीच्या बक्कलवर.

पुढच्या बाकावर नायगावला निघालेले एक आजोबा होते. शिवाप्पानं स्वतःची टेली मिरवायला बाहेर काढली, तशी ते वळून बघायला लागले.

"काय रं बाबा हे?"

"लांबचं जवळ दिसतंय आजोबा ह्यातनं."

"मंग आमचं नायगाव दिसतंय का बघ."

"एवढ्या लांबचं न्हाई दिसत."

"बरं, ढग तरी कुठं दिसत्यात का बघ."

शिवाप्पानं खरंच खिडकीतून आभाळाला टेली लावली. बराच वेळ बघितलं. "न्हाई आजोबा."

"मंग ठेव आत," आजोबा म्हणाले आणि पुन्हा पुढं तोंड करून बसले.

*

नांदेडला उतरलो आणि दहाच्या ठोक्याला मी टेली मागितली. कॅमेऱ्याला लावून आत बघितलं, तर सगळं धुरकट! स्टँड धुरकट, रिक्षा धुरकट. मला वाटलं, डोळे गेले. लेन्स फिरवून पुढची काच बघितली, तर काचेवर विभूतीचे तीन पट्टे!

"शिवाप्पा, हे काय?"

"खंडेनवमीला पूजा झाली न्हाई का? अव्वानं तागडीला लावली, मापाला लावली, लेन्सला लावली."

"आईला म्हणायचं, बाहेरून लावायची ना! काचेवर?"

"कपाळावरच लावत्यात मास्तर. लेन्सचं कपाळ कुठलं, सांगा?"

मी रुमाल काढला, तर त्यानं माझा हात धरला. "अव्वानं लावलेली हाय. पुसायची न्हाई."

झालं! अर्ज, प्रती, मंजुरी आणि अपील करून मिळवलेली लेन्स, आणि सगळं नांदेड मला धुपाच्या धुरातून दिसत होतं. कुलकर्ण्यांनी आपली पाळी लेखी सोडून दिली आणि वाइड घेऊन कुणाच्या तरी गच्चीवर चढले. त्यांना आख्खं शहर एका फोटोत हवं होतं. पुढं तो फोटो बघितला. निम्म्या फोटोत गच्चीवर वाळत घातलेली गोधडी होती, आणि शहर तिच्या मागं.

*

दुपारी लक्षात आलं, रज्जाकभाई नाही.

"नदीकडं गेला," कुलकर्णी म्हणाले. "मी गच्चीवरून बघितलं. पिशवीसकट."

आम्ही तिघं निघालोच. त्याची ती परदेशी लेन्स रंगेहाथ पकडायची होती ना! घाटावर वरच्या पायरीशी थांबलो. खाली, पाण्याच्या अगदी जवळ, रज्जाकभाई पाठमोरा वाकलेला. पिशवी शेजारी उघडी.

"बघ, बघ," मी शिवाप्पाला ढोसलं. त्यानं टेली लावली आणि विभूतीच्या धुरातून डोळे बारीक करून बघितलं.

"काय दिसतंय? केवढी आहे?"

"लेन्स न्हाई मास्तर."

"मग काय करतोय?"

शिवाप्पानं पुन्हा बघितलं. मग कॅमेरा खाली घेतला.

"माणसं धुवून राहिलाय."

आम्ही पायऱ्या उतरून गेलो. पिशवीत तीन महिन्यांचे फोटो होते. गठ्ठेच्या गठ्ठे, दोऱ्यानं बांधलेले. पायरीवर लग्नाची जोडपी ओळीनं निथळत होती. माझ्या शाळेचा सातवीचा वर्ग होता. शेजारी धुणं धुणाऱ्या बाया आपले कपडे मागं ओढून त्याला जागा करून देत होत्या. औशाच्या त्या पोराचे गेलेले वडील एका बाईच्या हातात होते. सुटून वाहत निघाले होते म्हणे, तिनं धरले. ती त्यांना लेकराचं तोंड धुवावं तशी अलगद पाण्यात हलवत होती.

"कुठली माणसं म्हणायची ही?" तिनं विचारलं.

"लातूरची, बाई," रज्जाकभाई म्हणाला. "आमच्याकडं ह्यांना पाणी न्हाई."

आमच्याकडं बघून तो हसला नाही, की लाजलाही नाही. "आलात? बरं झालं. वर धरू नका, पाण्याखाली धरा. प्रत्येकाला लई वेळ लागतोय."

मला माझीच इतकी शरम वाटली की मी गुपचूप विजार दुमडली. कुलकर्ण्यांनी चपला काढल्या. शिवाप्पानं टेली रुमालात गुंडाळून कोरड्या पायरीवर ठेवली आणि सातवीचा वर्ग उचलला. ऊन उतरेपर्यंत आम्ही चौघं गुडघाभर पाण्यात उभे होतो. त्या दिवशी पुढं एकानंही एकही फोटो काढला नाही.

पिशवी रिकामी होत आली. तळाशी दोन फोटो राहिले होते, शोकेसमधले. एक टेलीचा, एक वाइडचा. दोन्हींत रांगेत तिसरी, कमरेवर घागर घेतलेली कमळामावशी.

मी हात पुढे केला. रज्जाकभाईनं ते मला दिले नाहीत. दोन पायऱ्या आणखी खाली उतरला, जिथं पाणी चांगलं वाहत होतं, आणि दोन्ही फोटो दोन हातांत धरून पाण्याखाली घातले.

"घे मावशी," तो म्हणाला, "भरून घे घागर."