बंद दाराचा मसाला

चिमीला घरात अजून चिमीच म्हणतात, पण ती चाळिशी ओलांडलेली बाई आहे. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करते, नखांतलं काळं तेल घासून काढते आणि घरी येऊन रात्रीचा स्वयंपाक करते. तिने लग्न केलं नाही. घर तिच्या हातचं जेवतं, पण वर्षाचा मसाला तिने एकदाही केलेला नाही. तो सुनेने शिकायचा. लेक त्याची कृती परक्या घरी घेऊन जाते, म्हणून मसाल्याच्या दिवशी आई स्वयंपाकघराची कडी लावते आणि चिमी बाहेर मिरच्यांचे देठ खुडते.

यंदा आईचा हात थरथरायला लागला. तिने दादाच्या बायकोला आत बोलावलं.

"मला कशाला? चिमीताईंना शिकवा की," चहापलीकडे गॅसशी ओळख नसलेली वहिनी म्हणाली.

"ती लेक आहे," आई म्हणाली. कडी लागली.

थोड्या वेळाने चिमी दारावर थापा मारत होती. "आई, गॅस बारीक कर! धणे करपतायत!"

"शिकतेय ती. तू तुझे देठ खुड."

रात्री पहिल्याच घासाला दादाने तोंड वाकडं केलं. "कडूजहर झालाय रस्सा. चिमे, मसाला तूच कर बाई नव्याने. तुझ्या हाताला चव आहे."

"चव रोज तुमच्या ताटात वाढायला, आणि मसाल्याला मी परक्या घरची? कुठलं रे ते घर? पत्ता दे, उद्याच बिऱ्हाड हलवते."

दादाने वाटी सारून कोरडीच पोळी तोडली.

"रीत मी नाही काढली," आई म्हणाली. "मलाही माझ्या आईने बाहेरच बसवलं होतं."

"राग नाही आला तुला?"

"येऊन काय करणार होते?" आई म्हणाली. "कर तूच. पण दार लावून."

"नाही. दार उघडं राहील. शेजारणी येतील, कारखान्यातल्या बायका येतील. शिकू देत सगळ्यांना."

"घरचा मसाला गावभर वाटणार? आणि प्रमाण कुठे ठाऊक आहे तुला?"

"सांगितलंस तर तुझ्या प्रमाणाने करीन. नाहीतर माझ्या."

आई ताट सारून उठली. चिमीने तिला थांबवलं नाही. उरलेली पोळी त्याच कडू रश्शाशी संपवली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात मशीनमशीनवर जाऊन रविवारचं बोलावणं करून आली.