‘लाटणं’ नावाची चाल

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाच्या मुलींना मी बास्केटबॉल शिकवते. चाली मी आखते आणि त्यांना स्वयंपाकघरातली नावं देते, म्हणजे मी बाहेरून ओरडले तरी समोरच्यांना कळत नाही. ‘लाटणं’ ही आमची हुकमी चाल. उंच मुलगी बास्केटजवळ भिंतीसारखी उभी राहते, म्हणजे स्क्रीन लावते. आमची नेमबाज तिला घासून कोपऱ्यात पळते, तिच्या मागावरची समोरच्या संघातली मुलगी भिंतीवर आदळते आणि नेमबाजाला मोकळा नेम मिळतो.

जयनगरच्या संघाशी उपांत्य सामना होता. मी ‘लाटणं’ ओरडले. नेमबाजाच्या मागावरची त्यांची दांडगट पोरगी नेमबाजाकडे न बघता थेट भिंतीकडे धावली आणि कोपर आमच्या उंच मुलीच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. पंचांची शिट्टी वाजली नाही. पुढच्या वेळी तेच, आता दात हलला.

मध्यंतरात ती दांडगट पोरगी नळावर भेटली.

“अक्का, पुढच्या वेळी स्वल्प हळू ओरडा. आमच्या घरी आजोबांपासून मराठीच बोलतात. तुमचा मागचा सामना बघितला, ‘लाटणं’ म्हटलं की भिंत, हे तेव्हाच कळलं.”

बेंगळुरूत मराठी फक्त आपल्यालाच येतं, असं मी धरून चालले होते.

शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे. मी वेळ मागून घेतला. उंच मुलगी रक्त थुंकत म्हणाली, “काकू, मला बाहेर काढू नका.”

“नाही काढत. मी ‘लाटणं’च ओरडणार. तू भिंत लावल्यासारखं कर, ती कोपर उचलेल तेव्हा तिथे थांबू नकोस. बास्केटकडे कट मार.”

“आणि माझ्या मागावरची?”

“ती तुझ्या पाठीला चिकटलेली असेल. तू गेलीस की तिथे तीच उरेल.”

मी घसा फाडून ओरडले. दांडगट पोरगी कोपर उगारून आली. उंच मुलगी निसटली. कोपर मागे उरलेल्या जयनगरच्याच मुलीच्या भुवईवर बसलं, नारळ फुटावा तसा आवाज आला. चेंडू उंच मुलीच्या मोकळ्या हातात पडला आणि बास्केटमधून खाली आला. त्यावर आमच्या ओठाचं रक्त होतं, जमिनीवर त्यांच्या भुवईचं.

सामना आम्ही जिंकला. मी बर्फाची अर्धी पिशवी घेऊन पलीकडे गेले. दांडगट पोरगी मैत्रिणीची भुवई रुमालाने दाबून बसली होती.

“ही कुठली चाल, अक्का?”

“लाटणंच. दाब जोरात, टाके लागतील.”