विमानाच्या शेपटाचा टाका

विमान कापडाचं असतं म्हटलं की आमच्या माजरीच्या कॉलनीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "काय शिवून राह्यली वो बाई, विमानाले झंपर?" मी म्हणायची, "हो, झंपर. अन् तुमच्या झंपरापेक्षा बरं बसते त्याले." हसा म्हटलं, हसा खुशाल. पण ते खरंच कापडाचं होतं. ऑस्टर नावाचं छोटं विमान, इंग्लंडात बनलेलं, माझ्या मिस्टरांच्याच वयाचं. आत लोखंडी नळ्या, पंखांत फासळ्या आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. कापडावर डोप नावाचं पातळ औषध मारायचं, नखपॉलिशच्या वासाचं. ते वाळलं की कापड असं ताठ व्हायचं की टिचकी मारली तर डफासारखं वाजायचं.

मिस्टर खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. पण तरुणपणी ते एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते, आणि मन त्यांचं तिथंच राहिलं होतं. क्लब बंद पडला. तिथले वैमानिक कॅप्टनसाहेब म्हातारे झाले. भंगारात निघालेलं हे ऑस्टर त्यांनी स्वतः विकत घेतलं, आणि ट्रकवर घालून आमच्याकडच्या जुन्या धावपट्टीवर, टिनाच्या शेडमध्ये आणून ठेवलं. इतक्या लांब कशाला, तर आमचे मिस्टर इथं आहेत म्हणून. दुसऱ्या कोणाचा हात त्या विमानाला लागलेला साहेबांना चालत नव्हता. मिस्टरांना तर काय, आंधळा मागतो एक डोळा असं झालं. सुट्टी आली की शेड. दिवाळीला शेड, पोळ्याला शेड. शेवटी मीच म्हटलं, सवतीच्या घरी मीही येते, निदान जेवण तरी गरम मिळेल. गेली, आणि हातात सुई आली.

पंख शिवायला दोघं लागतात. पंख उभा करून ठेवायचा, एक जण या बाजूला, एक त्या बाजूला. हातभर लांबीची सुई मी इकडून टोचायची, मिस्टरांनी तिकडून ओढून घ्यायची, गाठ मारायची आणि परत माझ्याकडे पाठवायची. मध्ये कापड, त्यामुळे तोंड दिसत नाही, नुसता आवाज.

"अजी, सुई पाठवता का झोपले?"

"थांब न अवो, गाठ पाहू दे."

"माह्या बोटात घुसवली न तुमी!"

"मंग बोट काऊन ठेवते तिथी?"

त्या पंखाआडून आम्ही जितकं भांडलो तितकं आख्ख्या संसारात भांडलो नसू. आणि जितकं बोललो तितकंही बोललो नसू.

क्लबातला एक रिवाज मिस्टर नेहमी सांगायचे. ज्यानं विमान दुरुस्त केलं त्यानं पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या बाजूला बसायचं. काम कच्चं असेल तर तूही चल वर, असा सरळ मामला. मिस्टर त्यात कधी चुकले नव्हते. या ऑस्टरच्या पहिल्या उड्डाणाचं तर त्यांना वेडच लागलं होतं. मी विचारायची, "आपल्या लग्नाची तरी इतकी वाट पाह्यली होती का?" ते नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला राग यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. खाण पसरत पसरत धावपट्टीपर्यंत आली. पट्टीच्या एका टोकाला खाणीतली माती टाकायला सुरुवात झाली, आणि पाहता पाहता तिथं टेकडी उभी राहिली. शेडकडे येणारा रस्ता आधीच खोदला गेला, म्हणजे विमान ट्रकवर नेण्याची सोयही संपली. मग निरोप आला की सोमवारी पट्टीवर डोझर चालणार. कॅप्टनसाहेबांच्या एका ओळखीच्या माणसानं नागपूरकडच्या पट्टीवर जागा कबूल केली होती. रविवारी उडालं तर उडालं, नाहीतर विमानाचा चेंदामेंदा तिथंच.

पट्टीचा चौकीदारभाऊ मूळचा चामोर्शीकडचा, साधा, देवमाणूस. तिकडं धान निघालं की नव्या लोंब्यांचा जुडा दाराला बांधतात, घरात बरकत राहते म्हणून. तो गावाहून जुडा घेऊन आला होता. विमान उद्या दूर जाणार, त्याला चांगलं जावं, म्हणून शनिवारी आम्ही घरी गेल्यावर त्यानं मोठ्या मायेनं तो जुडा विमानाच्या शेपटाला बांधला. आणि सकाळी शेडचं दार उघडं टाकून तोंड धुवायला गेला.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. चौकीदारभाऊ डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसलेला. आत त्याची गाय उभी, तोंड हलवत. लोंब्या तर गेल्याच होत्या, पण लोंब्यांबरोबर तिनं शेपटाच्या आडव्या पंखाचं कापडही ओढून खाल्लं होतं. ताटाएवढं भोक. आतल्या नळ्या दिसत होत्या.

"मी बरं करून राह्यलो होतो जी, भाऊ," तो मिस्टरांना म्हणाला.

मी बोलली. त्याला बोलली, गाईला बोलली, खाणीला बोलली, त्या इंग्रजांनाही बोलली, ज्यांना पत्र्याचं विमान करायला काय धाड भरली होती देव जाणे. कॅप्टनसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या. नशिबात नाही."  मिस्टर नुसते त्या भोकाजवळ जाऊन उभे राहिले आणि कडेवरून बोट फिरवत राहिले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अजी, उभे काय राह्यले? कात्री द्या."

कापडाचा तुकडा उरलेला होता. मिस्टर शेपटाखाली उताणे पडले, मी वर वाकली, आणि आमची सुई पुन्हा खालीवर सुरू झाली. त्या दिवशी आम्ही एका शब्दानंही भांडलो नाही. ठिगळ बसलं, गाठी पडल्या, वरून टाका झाकायला कापडाची पट्टी डोपनं चिकटवली. पण धुक्यात डोप नीट वाळत नाही. ते पांढरं पडतं, आणि पांढरं पडलं की पकड धरत नाही. पट्टी पांढरी पडली. ऊन निघाल्यावरही बोटाला चिकटत होती.

तोवर कॅप्टनसाहेब टेकडीपर्यंत चालत जाऊन आले. मिस्टरांना म्हणाले, "वारा टेकडीकडून आहे, तिकडेच तोंड करून उडावं लागेल. तुम्ही बसलात तर ती टेकडी ओलांडता येणार नाही. धावपट्टी फार आखूड झालीय. मी एकटा जातो." मिस्टर म्हणजे धिप्पाड माणूस, दारातून आडवे होऊन जाणारे. त्यांचा चेहरा पडला, पण ते स्वतःसाठी बोलले नाहीत.

"अन् शेपटाकडं कोण पाहीन, सायब? तुमाले मागं वळता येत नाई. ठिगळ उसवलं तर तुमाले समजीन तवा उशीर झाला असन. एकटं नाई जाऊ देत मी."

"मग सोडून द्या विमान."

 तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बसते."

"डोस्कं फिरलं का तुह्यं?" मिस्टर एवढ्या जोरात ओरडले की गाय दचकली.

"टाका माह्या हातचा हाय न? अन् मी काडीपैलवान. रिवाज तर तुमचाच हाय."

शूरपणा वगैरे काही नव्हतं हो.  आमची मुलगी चिमूरला माझ्या बहिणीकडे होती, तिचा चेहरा सारखा डोळ्यापुढं येत होता. पण त्या माणसाला विमान सोडून घरी येताना मी बघू शकली नसती. आणि म्हाताऱ्या साहेबांना आमचं ठिगळ लावून एकटं पाठवून, उद्या कोणत्या तोंडानं जेवली असती मी?

 मिस्टरांनी आपला स्वेटर काढून माझ्या अंगात घातला, मला आत बसवलं, पट्टा आवळला.  कानाजवळ येऊन म्हणाले, "आयक. वरची पट्टी उडाली तर भेवू नोको. पट्टी नुसती झाकण हाय. गाठी पाह्यजो. गाठीपाशी कापड फुगलं, का सायबाले सांग, लगेच उतरा."

त्यांनीच समोरचा पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू केलं. मी तोवर मागं वळून बसली होती, मागच्या काचेतून शेपूट दिसत होतं, आणि त्यावर ते ठिगळ. विमान धावायला लागलं. दगडाधोंड्यांवरून अशी हाडं खिळखिळी झाली की दात आपटले. साहेब इंजिनाशी काहीतरी पुटपुटत होते, "चल, चल गं, चल." टेकडी समोर होती, मला माहीत होतं, पण मी मान फिरवली नाही. मग चाकांचा खडखडाट थांबला. साहेबांचं पुटपुटणंही थांबलं.  आणि शेपटाखालून मातीचा ढिगारा आणि त्यावर उभा एक डोझर मागं सरकताना दिसला, इतका जवळ की डोझरच्या सीटवर ठेवलेला डबा दिसला.

थोडं वर गेलो आणि ठिगळावरच्या पट्टीचं एक टोक उचललं. फडफड, फडफड. मग दुसरं टोक.

"वहिनी, मागे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"पट्टी उडून राह्यली!"

"टाका? टाका बघा! खाली वावर दिसतंय, उतरू का? लवकर सांगा!"

वावरात बांध असतात. उतरलो असतो तर विमान मोडलं असतं, आणि आमचीही काही शाश्वती नव्हती. नाही उतरलो आणि ठिगळ गेलं असतं तर मग बोलायलाच नको. आणि सांगायचं मी. फडफडणाऱ्या पट्टीखाली गाठी दिसत नव्हत्या. मी मनातल्या मनात मिस्टरांना हाका मारत होती, अजी, अजी, आता काय करू. एवढ्यात ती पट्टी सरकन निघाली आणि मागं हवेत गेली. खाली आमच्या गाठी उघड्या पडल्या. एकेक पाहिली. इकडची कड, तिकडची कड, कोपरा. कापड थरथरत होतं, पण कुठंच फुगत नव्हतं.

"चाला!" मी ओरडली. "गाठी हायेत!"

"नक्की?"

"मिस्टरांनी मारल्या हायेत!"

साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. मी मात्र तशीच मान वळवून, पापणी न हलवता त्या गाठी पाहत बसली. थंडीनं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात वर केला नाही. चाकं जमिनीला टेकली तेव्हा मान अशी आखडली होती की पुढं वळवता येईना.

तिथून एसटीडीवरून माजरीच्या बूथला फोन लावला. मिस्टर तिथंच बसून होते. मी म्हटलं, "उतरलो." ते म्हणाले, "टाका?" मी म्हटलं, "हाय."  त्यापुढं बूथवाल्याचाच आवाज आला, "बाई, भाऊ रडून राह्यले. काई झालं का?"

दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी आली तर मिस्टरांनी वरणभात करून ठेवला होता, करपलेला. मला जेवूही देईनात. "सांग न, वरून कसं दिसे? वर्धा नदी दिसली? आपली कॉलनी दिसली?"

"अजी, म्या काईच नाई पाह्यलं. शेपूटच पाहत होती."

 मग मी विचारलं, "बरं, तुमी तरी सांगा. खालून कसं दिसे? उडालं कसं ते?"

त्यांनी ताटाकडं पाहिलं. "मी बी नाई पाह्यलं," ते म्हणाले. "तुमी दोघं निंगाले अन् मी शेडच्या मागं गेलो. टिनाकडं तोंड करून बसलो. तू त्या टेकडीले... माह्याच्यानं पाहवलं नसतं."

म्हणजे बघा, ज्या उड्डाणापायी या माणसानं सुट्ट्या घातल्या, सणवार घातले, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. एकट्या चौकीदारभाऊनं पाहिलं. तो त्याच संध्याकाळी तोंड पाडून आला, माफी मागायला, गावचे तांदूळ घेऊन. मिस्टरांनी त्याला खाटेवर बसवलं, मी चहा टाकला. "ते राहू दे, भाऊ," मिस्टर म्हणाले. "कसं उडालं ते सांग. पयल्यापासून."

त्यानं सांगितलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो घरी आला की आम्ही त्याला तेच सांगायला लावायचो. दर खेपेला त्याची टेकडी थोडी उंच व्हायची, आम्ही कधी अडवलं नाही. टेकडी आली की मिस्टर माझं मनगट घट्ट धरायचे. मी शेजारी धडधाकट बसलेली असायची, तरी विमान पार होईपर्यंत ते सोडायचे नाहीत.