खिशातलं घर

"आधी गोळ्या काढा, आबा. मग बोलू."

शेजारच्या भरे गावच्या आबांनी माझ्या काउंटरवर रिव्हॉल्वर ठेवलं होतं. लायसन्सचं होतं, कागद सोबत होते. त्यांनी गोळ्या काढून रुमालात बांधल्या. पौडला माझं चामड्याचं दुकान आहे. पट्टे, बॅगा, पाकिटं. असलं काम वर्षातून एखादं येतं.

"इकबाल, ह्याला एक घर शिव. खिशात मावंल असं. कंबरंला लावून मिरवायची हौस न्हाई मला."

"पण बाळगताय कशाला?"

"रान इकल्यापास्नं धमक्यांचे फोन येत्यात. वळखीची माणसं बी परकी वाटाया लागलीत."

मला वाईट वाटलं. यांच्या बैलांच्या घुंगरमाळा माझे अब्बा शिवायचे. पोळ्याच्या आधी आबा त्या न्यायला यायचे आणि सदऱ्याच्या उजव्या खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवायचे. तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. मला पोळ्यापेक्षा त्या खिशाची ओढ असायची.

पॉकेट होल्स्टर म्हणजे खिशात बसणारं चामड्याचं घर. त्यात हत्यार उभं राहतं, बाहेरून आकार दिसत नाही. बाहेरची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवतात, म्हणजे हत्यार उपसताना होल्स्टर खिशातच राहतं. पण मुख्य काम ट्रिगर झाकण्याचं. मी चामडं भिजवून लाकडी साच्यावर बसवलं, वाळवलं, अब्बांच्याच आरीने शिवलं. देताना बजावलं, "या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ली नाही, चुन्याची डबीसुद्धा नाही."

"व्हय रं, कळलं."

पंधरा दिवसांनी आबा आले आणि स्टुलावर मटकन बसले. मी पाणी दिलं.

"काल नातीला घिऊन भैरवनाथाला गेलतो. देवळात कातडं चालत न्हाई. म्हून तुझं घर काढून चपलांपाशी ठिवलं."

"आणि रिव्हॉल्वर?"

"त्ये लोखंड. ऱ्हाऊ दिलं खिशात."

भरलेलं हत्यार, ट्रिगर उघडा.

"पोरीनं खडीसाखरंसाठी खिशात हात घातला. मी मनगाट धरलं. तिचं बोट कुटं व्हतं, त्ये इचारू नगंस." आबा रडायला लागले. मीही डोळे पुसले.

चूक माझीही होती. जन्मभर पट्टे विकतोय. देवळाच्या पायरीवर लोक ते काढून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आणि तो खिसा कशाचा, हे तर माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"कापडाचं शिवून देऊ?" मी विचारलं.

"नगं. हत्यार सकाळीच चौकीत जमा केलं. फोनची तक्रार बी दिली. फौजदार म्हनला, ह्ये आधीच करायचं." त्यांनी होल्स्टर काउंटरवर ठेवलं, मग उजव्या खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवले. माझी दाढी पांढरी झालीय, याचं त्यांना काही नव्हतं. मी ते लगेच तोंडात टाकले.

हल्ली अशा कामाला गिऱ्हाईक आलं, की मी आधी विचारतो, या खिशात आजवर काय असायचं? माप नंतर घेतो.