बंद पंखा आणि भरलेल्या जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा बनियन कुठं फाटलाय हेसुद्धा लपत नाही.

धाराशिवच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी विषयाचं टेबल माझ्याकडे असतं. काही वर्षांपूर्वी तेरहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. गणितात भरपूर मार्क. नजर मात्र छताकडे. लाईट नुकतीच गेली होती.

"सर, लाईट गेली तरी पंखा फिरायलाय. मग आता त्योच वीज तयार करायलाय का?"

मी हसलो. वर्गात शिकवतात ते सगळं, म्हणालो. वडिलांनी विचारलं, जागा हाय का? मी म्हणालो, भरल्या.

भरल्या नव्हत्या.

का बोललो असेन तसं? प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, तेरची गाडी चुकणार, सगळ्या मुलांत ही एकटी मुलगी — ही कारणं मी तयार ठेवली होती. कुणी विचारलंच नाही. मग मीच स्वतःला सांगत राहिलो. काळजी होती म्हणे! कसली काळजी? मला तिच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मुलं मी सांगतो ते जर्नलमध्ये उतरवतात, सही घेतात, जातात. ही दोन वर्षं पुढच्या बाकावर बसून विचारत राहिली असती. मी घाबरलो. सोळा वर्षांच्या पोरीला घाबरलो.

तिनं कला शाखा घेतल्याचं नंतर कळलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतला पंखा उतरवला, वायरी सोडवून मीटर लावला आणि पाती हातानं फिरवली. काटा हलला? जरासा — की मला भास झाला? पुन्हा फिरवली. दुपारभर तेच. नोकरी लागल्यापासून इतकी मजा आली नव्हती, आणि लाजही. वीज होत असेल तर त्यात जोर खर्चून पंखा लवकर थांबायला हवा ना? हा माझा प्रश्न. तिचा पुढचा कोणता असता? अजूनही लाईट गेली की मी वर बघतो.

एक राहिलं. माझ्या विषयाच्या प्रवेशाची यादी माझ्या मागच्या भिंतीवरच लावलेली होती — नावं थोडी, खाली कोऱ्या ओळी. वडिलांना वाचता येत नव्हतं. "बरं झालं सर, सरळ सांगितलं," ते म्हणाले आणि हात जोडले. मुलीनं यादी वाचली, खालपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार.

"चला आप्पा," ती म्हणाली, "गाडी निघंल."